राखाडी ठिपक्यांची रांग

नकाशाच्या खात्यात नोकरी केली म्हटलं की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे फोनमधून 'आता डावीकडे वळा' म्हणते ती बाई तुमच्याच ऑफिसातली का हो?" सुरुवातीला मी बिचारी समजावून सांगायची. पुढे कंटाळून म्हणायला लागले, "हो, माझ्याच शेजारी बसते. स्वभावाने बरी आहे, फक्त 'माझं चुकलं' असं कधी म्हणत नाही." लोक हसायचे आणि विषय जेवणाकडे वळायचा. आता निवृत्त झालेय, वेळ आहे, तेव्हा एकदा नीट सांगते.

कॅनडात हॅमिल्टनजवळ एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच नोकरी करतात आणि त्यांच्या डोक्याला मला ताप द्यायचा नाही. तिथल्या नगरपालिकेच्या नकाशा विभागात माझी सगळी नोकरी गेली. मी मूळची नागपूरची. भूगोल घेऊन एम. ए. केलं तेव्हा आमचे मामा म्हणाले होते, "जन्मभर पृथ्वीचा गोल फिरवत बसशील, बाप्पा!" तसं झालं नाही. गोल नाही, ठिपके फिरवत बसले.

लोकांना वाटतं नकाशा म्हणजे चित्र. आमच्या लेखी नकाशा म्हणजे ठिपके. प्रत्येक घराला एक ठिपका आणि त्या ठिपक्याला चिकटलेली माहिती: घर नंबर, मजले, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणी राहतं की नाही. तुम्ही ९११ला फोन करता तेव्हा ॲम्ब्युलन्स तुमच्या घराकडे येत नसते, ती ठिपक्याकडे येत असते. ठिपका घरावर असला तर ठीक. मागच्या ओढ्यात असला तर ॲम्ब्युलन्स ओढ्याकाठी जाऊन उभी राहते. म्हणून आम्ही गाडी काढून गावभर हिंडायचो, थंडीत नाक लाल करून दारं बघायचो, आणि ऑफिसात येऊन ठिपका दोन बोटं इकडे, चार बोटं तिकडे सरकवायचो. बाहेरच्याला हे काम वेडेपणाचं वाटेल. मला ते आवडायचं.

मग एआय आलं. आमचा मॅनेजर डग, माझ्याहून पुष्कळ लहान आणि मनाने चांगला माणूस, एके दिवशी डोनट्सचा खोका घेऊन आला. डोनट्स आले की काहीतरी बदलणार हे आम्हाला कळायचं. त्याने सांगितलं की आता विमानातून काढलेले फोटो आणि रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ट्रकांवरच्या कॅमेऱ्यांचे फोटो एक यंत्र बघणार, आणि ठिपके तेच लावणार. आम्ही फक्त तपासायचं.

पहिल्या आठवड्यात मी अगदी भारावून गेले, खोटं कशाला बोलू? शेतांमधली गोदामं, नव्या वस्त्या, मागच्या अंगणातल्या खोल्या, जे शोधायला आम्हाला दोन उन्हाळे लागले असते, ते सगळं त्याने आमचा डबा खाऊन होईपर्यंत काढून ठेवलं. नदीकाठचा एक रस्ता कणाकणाने खचतोय हे त्याने जुने आणि नवे फोटो ताडून दाखवलं. आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्याला ते दिसलं नसतं. तो रस्ता वेळेवर बंद झाला आणि कोणाचा जीव गेला नाही.

गमतीही व्हायच्या. एक पोर्तुगीज आजोबा काउंटरवर आले, हातात आमचंच पत्र. तुम्ही परवानगी न घेता अंगणात स्विमिंग पूल बांधलात, खुलासा करा. आजोबांनी खिशातून फोटो काढला. निळ्या ट्रॅम्पोलिनवर त्यांची नात उड्या मारत होती. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्यातल्या कोणीतरी येऊन यात पोहून दाखवा, मी दंड भरतो." मी त्यांची माफी मागितली आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकांना 'पोहायला येतेस का' म्हणत होतो.

चुका झाल्या की यंत्राला सांगायचं, ते शिकतं. पण कामाची एक पद्धत होती, ती बाहेरच्या लोकांना माहीत नसते. यंत्राला ज्याची शंका येते तेवढंच माणसाकडे तपासायला येतं. ज्याची खात्री असते ते परस्पर नकाशावर जातं. डगला हे फार पटलं होतं, आणि वरवर पाहिलं तर त्यात वावगं काहीच नाही. सगळंच तपासत बसायचं तर यंत्र घेतलं कशाला? फक्त एकच आहे. शंका यायलासुद्धा थोडं माहीत असावं लागतं. ज्याला काहीच माहीत नाही त्याला खात्रीच असते. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवसाचीच ही गोष्ट आहे.

इथे घरांच्या किमती भडकल्यावर पुष्कळ लोकांनी घरं घेऊन नुसती रिकामी ठेवली. त्यांच्यावर कर बसवायचं नगरपालिकेने ठरवलं. मग रिकामी घरं शोधायची कशी? यंत्राला सांगितलं. त्याने थंडीभर घरांचे फोटो बघितले. समोरच्या पायऱ्यांवरचा बर्फ कोणी काढतच नाही, बर्फात दारापर्यंत पावलं उमटत नाहीत, दारात गाडी नाही, दाराला लावलेली जाहिरात महिनाभर तशीच लटकतेय. अशा घराचा ठिपका ते राखाडी करायचं. भरलेलं घर हिरवं, रिकामं घर राखाडी.

आता ती सकाळ. आदल्या संध्याकाळपासून फ्रीझिंग रेन चालू होता. ज्यांनी तो बघितला नाही त्यांना सांगते: पाणी म्हणून पडतो आणि टेकला की काच होतो. झाडं काचेची, तारा काचेच्या, रस्ता काचेचा. तारा तुटून निम्म्या गावाची वीज गेली. इथे वीज गेली म्हणजे नुसता अंधार नाही. घर तापवणारी फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा विजेवर, त्यामुळे घर हळूहळू फ्रीज होतं. म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर बेततं. नगरपालिकेने ठरवलं की अग्निशमन दलाच्या माणसांनी वीज गेलेल्या भागात घरोघरी जाऊन दार वाजवायचं. कुठल्या घरी जायचं ते आमच्या नकाशावरून. हिरव्या घरी जायचं. राखाडी घर सोडून पुढे. माणसं कमी, घरं पुष्कळ, त्यामुळे हे बरोबरच होतं.

मी मोठ्या पडद्यासमोर बसले होते. दलाच्या तुकड्या कुठे पोचल्या ते बघत होते. आणि गावाच्या उत्तरेच्या नव्या वस्तीत माझी नजर अडकली. एका रस्त्याची अख्खी एक बाजू राखाडी. समोरची बाजू हिरवीगार आणि ही बाजू ओळीने राखाडी. मी म्हटलं, अगं बाई, ही तर आपल्या लोकांची गल्ली!

त्या रांगेतल्या घरांचं तोंड दक्षिणेला आहे. बिल्डरला त्याचं काय? त्याने घरं बांधली, गॅरेज मागच्या खासगी बोळात दिलं आणि मोकळा झाला. आपल्या लोकांना ती घरं थोडी स्वस्त मिळाली. घ्यावीशी तर वाटली, पण दक्षिण म्हणजे यमाची दिशा! मग कोणीतरी तोडगा काढला की समोरचं दार वापरायचंच नाही, मागच्या गॅरेजमधून जायचं-यायचं. एकाने केलं, मग सगळ्यांनी केलं. त्यातल्या निखिलकडे, म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलाकडे, मी वास्तुशांतीला गेले होते. त्याचा मेसेज आला होता, "काकू, समोरून येऊ नका हं, मागच्या लेनमधून या." गृहप्रवेश गॅरेजमधून! विंटर टायर्सच्या ढिगाशेजारी कलश घेऊन उभी त्याची बायको आणि ओवाळायला मी. मी निखिलला म्हटलंही, "अरे, यमाला इथे यायला व्हिसा लागत असेल, तू कशाला काळजी करतोस?" तो हसला, पण समोरच्या दाराला आतून भलंमोठं कपाट लावलेलं मी बघितलं होतं. फटीतून वारा येऊ नये म्हणून दारावर प्लास्टिकही चिकटवलं होतं.

तेव्हा समोरच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने कोण काढणार? आणि कोणाची पावलं उमटणार? टपालसुद्धा इथे कोपऱ्यावरच्या सामाईक पेटीत येतं. मागच्या बोळात नगरपालिकेचा ट्रक जात नाही आणि गाड्या गॅरेजच्या आत. यंत्राने जे बघितलं ते सगळं खरं होतं. त्याला पूर्ण खात्री होती, म्हणून ती रांग आमच्याकडे तपासायला आलीच नव्हती.

मी निखिलला फोन लावला. तो टोरांटोकडे एटोबिकोला विमानतळाजवळच्या ऑफिसात रात्रीपासून अडकला होता, हायवे बंद. बायको हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नर्स, ती ड्यूटीवरून हलू शकत नव्हती.

"आणि घरी कोण आहे?" मी विचारलं.

"अण्णा आहेत, काकू." अण्णा म्हणजे त्याचे वडील. "नोव्हेंबरमध्ये आलेत. सकाळपासून फोन लागत नाहीये. मी ९११ला सांगितलंय, ते म्हणाले आमची टीम त्याच एरियात घरोघरी चेक करतेय, येतीलच."

टीम तिथे होतीच. त्या गल्लीची हिरवी बाजू करून ती पुढे निघालेली मला पडद्यावर दिसत होती.

मी डगकडे गेले. म्हटलं, ही पूर्ण रांग हिरवी कर, आत्ताच्या आत्ता. तो दमलेला होता. म्हणाला, "शैलजा, यंत्राला खात्री आहे. एक घर म्हणतेस तर तिथे माणसं पाठवतो, पण अख्खी रांग? तेवढ्यात दुसरीकडे कोणी गारठलं तर?" त्याचा प्रश्न चूक नव्हता. मी त्याला दक्षिण, यम आणि कपाट सगळं दोन मिनिटांत कसं सांगितलं ते देवाला ठाऊक. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे घराला दार आहे, पण ते दार नाही?" मी म्हटलं, "बरोबर!" त्याने रांग हिरवी केली आणि म्हणाला, "तूच जा त्यांच्याबरोबर. हे रेडिओवर समजावणं माझ्याच्याने होणार नाही."

त्या टीमची टीना नावाची कॅप्टन होती. मी नगरपालिकेच्या ट्रकमधून पोचले तेव्हा तिची माणसं निखिलच्या समोरच्या दारावर धडका मारत होती. आतून काही उत्तर नाही. मी ओरडले, "मागे चला, मागे!" बोळात धावता येत नव्हतं, भिंतीला धरून पाय घासत गेलो. गॅरेजचं दार विजेवर उघडणारं. आत एक लाल दोरी असते, ती ओढली की दार हाताने उचलता येतं, पण भारतातून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? म्हणजे पुढचं दार कपाटाने बंद आणि मागचं दार विजेने बंद. टीनाच्या माणसांनी पहार घालून दार उचकटलं. आत पाऊल टाकलं आणि तिच्या कमरेचं, हवेतला वायू ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं. विषारी वायू.

अण्णा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, दोन ब्लँकेट, एक गोधडी, डोक्याला मफलर. गॅसचे चारही बर्नर देवघरातल्या काडेपेटीने पेटवले होते आणि ऊब जाऊ नये म्हणून सगळं घट्ट बंद करून घेतलं होतं. डोळे अर्धवट. मी खाली बसून हाक मारली, "अण्णा! ओळखलं का? मी शैलजा, मंडळातली." त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला, पण ती उचलली गेली नाही. टीनाने त्यांना अक्षरशः लहान मुलासारखं उचलून बाहेर नेलं. मला रडू आवरेना. मी तशीच रडत रडत बर्नर बंद केले.

ते वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. त्या रांगेतली बाकीची घरंही भरलेली निघाली. एका बेसमेंटमध्ये कॉलेजची मुलं एकाच रजईत बसली होती, एका घरात बाळंतीण होती. कोणाला काही झालं नाही.

पुढे यंत्र बनवणाऱ्या कंपनीबरोबर मीटिंग झाली. पडद्यावर एक पुण्याची मुलगी होती, हुशार आणि चटपटीत. तिला मनापासून वाईट वाटलं होतं. म्हणाली, "मॅडम, हे फिक्स करणं सोपं आहे. मालकांची आडनावं आपल्याकडे आहेतच. आडनाव साउथ एशियन आणि घर दक्षिणमुखी असेल तर मॉडेल आपोआप मागचं दार धरेल. ॲक्युरसी खूप वाढेल."

वाढली असती, यात शंका नाही. पण मी म्हटलं, "नाही गं बाई. आज ॲम्ब्युलन्ससाठी आडनाव बघशील, उद्या दुसरा कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी बघेल. नकाशावर एकदा चढलेली गोष्ट उतरत नाही."

"मग काय करायचं, मॅडम?"

"ज्याच्यामुळे कोणाच्या घरी जायचं नाही असं ठरतं, ते एकदा तरी माणसाने बघायचं. यंत्राला कितीही खात्री असू दे."

डगने माझी बाजू घेतली. आता तिथे तसं करतात, निदान मी निघाले तोपर्यंत करत होते. काम वाढलं म्हणून कुरकुर होते, आणि कधीतरी पैसे कमी पडले की हेच सगळ्यात आधी बंद होईल याचीही मला कल्पना आहे.

अण्णा घरी आल्यावर एका रविवारी मी त्यांना भेटायला गेले. अर्थात मागच्या बोळातून. अण्णा म्हणजे यवतमाळकडचे निवृत्त हेडमास्तर, गप्पांना पक्के. निखिल आत चहा करत होता, सून इस्त्री करत होती.

"अण्णा, समोरचं दार इतकं वाजत होतं, ऐकू नाही आलं का?" मी विचारलं.

"आलं की! दक्षिणेच्या दारावर धडका बसू लागल्या, मले वाटलं, आलेच बाप्पा न्यायले. म्हटलं, आपण काहून उघडाचं? ज्याले गरज आहे तो घेईल उघडून." आणि स्वतःच मोठ्याने हसले. सूनही हसली.

मग मी त्यांना यंत्राचं सांगितलं. कॅमेरे, पावलं, राखाडी ठिपका, सगळं. हेडमास्तरच ते, मधेमधे प्रश्न विचारत होते. मी म्हटलं, "एवढं मोठं यंत्र, पण बघा कसं चुकलं! भरलेल्या घराला रिकामं म्हणालं."

अण्णांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. रागाने नाही, अगदी हिशेब तपासल्यासारखं म्हणाले, "चुकलं काय त्याचं, ताई? ही दोघं सकाळी अंधारात जातात, अंधारात येतात. आली की जेवतात अन् झोपतात, त्यांचाही नाइलाज आहे. दिवसभर या घरात कोणी बोलत नाही, कोणी येत नाही, कोणाले कोणी हाक मारत नाही. नोव्हेंबरपासून मी हेच पाहून राहिलो. तुमच्या यंत्रानं बरोबर पाहिलं. घर रिकामंच हाय."

"अण्णा, तुम्ही होतात ना घरात," मी म्हटलं.

ते हसले. "मी मोजण्यात होतो का?"

इस्त्री थांबली होती. निखिल चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभा होता. मला नोकरीभर कोणी न विचारलेला प्रश्न त्या माणसाने विचारला होता. मग निखिलने ट्रे खाली ठेवला, अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. अण्णांचा हात त्याच्या केसांवरून फिरत राहिला. चहा कोणीच घेतला नाही.